इंग्लंडच्या जुन्या पॅरिश रजिस्टरमधून पूर्वजाचे आईवडील कसे शोधायचे

माझ्या नवऱ्याचं घराणं नॉरफोकचं, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडचा तो सपाट शेतीवाडीचा भाग, आणि सासूबाईंची कैक वर्षांची एकच इच्छा होती की त्यांच्या खापरपणजोबांचे आईवडील कोण होते ते एकदा कळावं. खापरपणजोबांचं नाव जॉन, काम शेतमजुरी, जन्म साधारण १८०९ चा, घरात माहीत होतं ते एवढंच. (आडनाव इथे देत नाही, घरची माणसं आहेत.) मी ते काम हातात घेतलं आणि आठ महिने चुकीच्या आईबापांच्या मागे हिंडले, त्यांच्यामागची तीन पिढ्यांची वंशावळ पण काढून ठेवली, आणि मग एका ओळीने ते सगळं पुसावं लागलं. ती ओळ कुठली ते पुढे सांगते. तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितेय.

हे कोणाला उपयोगी पडेल? ज्यांचं लग्न इंग्लिश घरात झालंय, ज्यांची मुलं तिकडे वाढतायत आणि शाळेतून वंशावळ काढायला सांगतात, आणि आपल्याकडचे इगतपुरी, भुसावळ, खडकी, देवळालीचे अँग्लो-इंडियन लोक, ज्यांचे पणजोबा रेल्वेत किंवा फलटणीत म्हणून इंग्लंडहून आले आणि इथलेच झाले.

आधी गाव, मग नाव

त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला गेलात की उपाध्याय पहिल्यांदा काय विचारतात? आडनाव काय आणि मूळ गाव कुठलं. गाव सांगितल्याशिवाय योग्य वही निघतच नाही, कारण वह्या गावावर लावलेल्या असतात. इंग्लंडचंही अगदी तसंच. तिथे जन्ममृत्यूचं सरकारी रजिस्टर सुरू झालं १ जुलै १८३७ ला, त्याच्या आधीचं जे काही आहे ते चर्चच्या वहीत. आणि चर्चची वही म्हणजे पॅरिशची वही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, आसपासच्या वाड्यावस्त्यांसकट. असे जुने पॅरिश दहा हजारांहून जास्त आहेत. त्यामुळे नुसतं "जॉन, जन्म १८०९, इंग्लंड" असं सर्चमध्ये टाकलं तर हजारो जॉन समोर येतात आणि त्यातला जवळचा वाटेल तो आपण उचलतो, मीही तेच केलं.

म्हणून आधी १८३७ नंतरच्या कागदांवरून मागे मागे यायचं आणि गाव पक्कं करायचं. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जनगणना, तिकडे सगळे सेन्ससच म्हणतात. १८५१ च्या सेन्ससमध्ये प्रत्येक माणसाचा जन्म कुठल्या पॅरिशमध्ये झाला ते लिहिलंय, घरातल्या प्रमुखाशी नातं लिहिलंय आणि वय लिहिलंय, त्यामुळे तुमचा माणूस १८५१ ला जिवंत होता का हे पहिल्यांदा बघा, असेल तर निम्मं काम झालं. १८४१ च्या सेन्ससवर मात्र फार विसंबू नका, त्यात पंधराच्या वरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० चा होतो, आणि जन्मगावाच्या जागी फक्त "याच काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) जन्मला का, हो की नाही" एवढंच.

एक महत्त्वाचं म्हणजे एकाच सेन्ससवर थांबू नका. १८५१, १८६१, १८७१, माणूस जिवंत असेपर्यंतचे सगळे बघा. आमच्या जॉनने १८५१ ला एक पॅरिश सांगितला आणि १८६१ ला शेजारचा दुसराच. मी म्हटलं चालायचंच, म्हाताऱ्या माणसांची गडबड होते, आणि पहिलाच धरून पुढे गेले. ती माझी पहिली चूक. सेन्सस घेणारा जे ऐकायचा ते लिहायचा आणि सांगणाऱ्याला स्वतःचा जन्म कुठे आठवणार, तो लहानपणी जिथे वाढला तेच सांगायचा, त्यामुळे दोन वेगळी गावं आली की दोन्ही गावांची रजिस्टरं बघायची.

दुसरा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. १८३७ नंतरच्या लग्नाच्या दाखल्यावर नवरानवरी दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तुमच्या पूर्वजाचं लग्न १८३७ च्या आधी झालं असेल तर हा फायदा गेला असं वाटतं, पण थांबा. त्या काळात बाळंतपणात बायका फार जायच्या आणि माणसं दुसरं लग्न करायची. दुसरं लग्न १८३७ नंतरचं असेल तर त्या दाखल्यावर वडिलांचं नाव मिळतं, मग माणूस पन्नाशीचा का असेना. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. तुम्ही पहिल्या आठवड्यातच करून टाका.

भारतात आलेल्या माणसाचं मूळ गाव शोधायचं असेल तर सुरुवात भारतातूनच होते. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे (म्हणजे बाळाला पाणी लावून ख्रिस्ती करून घ्यायचा विधी), लग्नं आणि दफनं यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईच्या कागदांचा क्रमांक एन-तीन, बंगालचा एन-एक आणि मद्रासचा एन-दोन. त्यातल्या बऱ्याचशांचे स्कॅन फाइंडमायपास्ट या पैसे भरायच्या साइटवर आहेत आणि फिबिस म्हणून ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांवर काम करणारी संस्था आहे तिचा डेटाबेस फुकट बघता येतो. माणूस ब्रिटिश लष्करात शिपाई होता आणि पेन्शनवर निघाला असेल तर त्याचे सुटकेचे कागद लंडनमध्ये क्यूला नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ सत्त्याण्णव या मालिकेत असू शकतात, आणि त्यात चक्क जन्माचा पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी लिहिलेली असते.

वही कुठे आणि कशी बघायची

पॅरिश रजिस्टरची सुरुवात १५३८ ची. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. तेव्हा नोंदी साध्या कागदावर व्हायच्या, त्यातल्या पुष्कळ फाटल्या, कुजल्या, हरवल्या. मग १५९८ ला ठरलं की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली तिथपासूनच्या तरी, म्हणून कितीतरी गावांची रजिस्टरं बरोबर १५५८ पासूनच सुरू होतात. त्याच वेळेपासून दरवर्षीच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली, तिला बिशप्स ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. ही नक्कल लक्षात ठेवा, कारण मूळ वहीचं पान उंदराने खाल्लं असेल किंवा शाई उडाली असेल तर नक्कल शाबूत असते, आणि कधीकधी नकलेत मूळ वहीपेक्षा एखादा शब्द जास्तही सापडतो. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि त्यानंतरच्या काळात मात्र खूप ठिकाणी वह्या नीट ठेवल्याच गेल्या नाहीत, तिथे अडलात तर तो दोष तुमचा नाही.

आज बहुतेक जुन्या वह्या चर्चमध्ये नसतात, काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतात. नॉरफोकच्या नॉरिचला आहेत, विल्टशायरच्या चिपनमला. तिथे जाता येत नसेल तर ऑनलाइन बघायचं, फक्त एक समजून घ्या की सगळ्या काउंट्यांचे स्कॅन एकाच साइटवर नाहीत, ज्या काउंटीने ज्या कंपनीशी करार केला तिथे ते गेले. लंडनची रजिस्टरं अँसेस्ट्रीवर, डेव्हनची फाइंडमायपास्टवर, असं आहे. फॅमिलीसर्च फुकट आहे, फ्रीरेज फुकट आहे, लँकशायर आणि कॉर्नवॉलसाठी स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या नोंदींच्या फुकट साइट्स आहेत. इंग्लंडात राहत असाल तर पैसे भरायच्या आधी जवळच्या सरकारी लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्रऱ्यांच्या कॉम्प्युटरवर या महागड्या साइट्स फुकट बघता येतात.

आणि इंडेक्स म्हणजे रेकॉर्ड नव्हे, हे मनावर कोरून ठेवा. सर्चमध्ये जे नाव दिसतं ते कोणीतरी वाचून टाइप केलेलं असतं. स्कॅन उघडायचा, मूळ पान बघायचं, आणि नुसती आपली ओळच नाही तर तिच्या वरची खालची सगळी पानं वाचायची. आपल्याकडे २०२३ ला घरोघरी जुन्या कुणबी नोंदी शोधल्या गेल्या तेव्हा ज्यांनी शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक असं सगळं पान पान चाळलं त्यांनाच सापडलं, तोच प्रकार.

अक्षर वाचायचं कसं

१८१३ नंतरची पानं कोणालाही वाचता येतात. अठराव्या शतकातली थोडी सवयीने येतात. त्याच्या मागे, विशेषतः १६५० च्या आधी गेलात की जे अक्षर लागतं ते बघून पहिल्या दिवशी मला आजोबांच्या पेटीतल्या मोडी कागदांची आठवण झाली, अक्षर आपलंच पण एकही शब्द लागत नाही. त्याला सेक्रेटरी हँड म्हणतात. मोडीसारखंच शिकायचं, आधी त्या पानावरचे जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते ओळखायचे, महिन्यांची नावं, सन म्हणजे मुलगा, डॉटर, बरीड, आणि मग त्यातली अक्षरं सुटी करून एक तक्ता करायचा आणि तो शेजारी ठेवून नावं लावायची. लांब एस हा एफसारखा दिसतो, मोठा एफ लिहायचा तर दोन छोटे एफ जोडून लिहायचे, आणि वाय-ई असं दिसलं तर तो "द" आहे.

नावं आखूड करून लिहायची पद्धत होती, विल्यमचं डब्ल्यू-एम, जॉनचं जे-एन-ओ, जेम्सचं जे-ए-एस. लाडाची नावं पण माहीत हवीत, पॉली आणि मॉली म्हणजे मेरी, नॅन्सी म्हणजे ॲन, पेगी म्हणजे मार्गारेट. आणि आडनावाचं स्पेलिंग एकच असतं ही कल्पना डोक्यातून काढून टाका, पाद्री ऐकून लिहायचा, गावाकडच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा एच गळायचा, मग हॅ ने सुरू होणारं आडनाव ॲ खाली सापडतं.

जुन्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात पण घाबरायचं कारण नाही, दहाबारा शब्दांवर काम भागतं. शेक्सपिअरचीच नोंद घ्या ना, स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ ला "गुलिएल्मुस फिलिउस योहान्नेस शाक्सपेरे" असं आहे, म्हणजे विल्यम, जॉन शेक्सपिअरचा मुलगा. गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स, फिलिउस मुलगा, फिलिआ मुलगी, उक्सोर बायको. बघा, त्या नोंदीत आईचं नावच नाही. आणि ही तारीख जन्माची पण नाही, बाप्तिस्म्याची आहे, २३ एप्रिल हा वाढदिवस लोकांनी अंदाजाने धरलेला आहे. नोंदीत जे लिहिलंय तेवढंच लिहायचं, बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून टाकायची नाही.

तारखांचा एक मोठा घोळ आहे तो इथेच सांगते. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्याला हे समजायला सोपं, आपलंही वर्ष पाडव्याला बदलतं, जानेवारीत नाही. तर न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा आणि बाप्तिस्मा त्यानंतर आठवड्याने १ जानेवारीला, पण त्या वेळच्या हिशोबाने ते वर्षही १६४२ च. सरळ वाचलं तर पोराचा बाप्तिस्मा जन्माच्या जवळजवळ वर्षभर आधी झाला असं होईल! म्हणून जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १६४२/३ अशा दोन वर्षं देऊन लिहायच्या.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत काय मिळतं

१ जानेवारी १८१३ पासून छापील फॉर्म आले, त्यात मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा आणि पाद्रीची सही असते. त्याच्या आधी पाद्रीच्या मनावर. कोणी नुसतं "जॉन, जेम्सचा मुलगा" लिहून मोकळा, कोणी आईचं नाव घालतो, आणि यॉर्कशायरात विल्यम डेड नावाच्या पाद्रीने १७७० च्या दशकात अशी पद्धत काढली की मुलाच्या नोंदीत आजीआजोबांची नावंसुद्धा यायची. तुमचा माणूस त्या भागातला आणि त्या ३०-४० वर्षांतला असेल तर एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. बाकीच्यांना मेहनत आहे. आईचं माहेरचं आडनाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत सहसा नसतंच, त्यासाठी आईवडिलांचं लग्न शोधावं लागतं.

बाप्तिस्मा जन्मानंतर लगेचच होतो असंही नाही. कधी तीनचार भावंडांचा एकाच दिवशी उरकलेला असतो. कधी बाळ अशक्त म्हणून घरीच करतात आणि चर्चमध्ये नंतर आणतात. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, घरी बाप्तिस्मा दुसऱ्याच दिवशी, आणि चर्चमध्ये नेलं ते ५ एप्रिल १७७६ ला. म्हणून वयावरून जन्मवर्ष काढलं की त्याच्या मागे पाच वर्षं आणि पुढे किमान दहा वर्षं बघायची, आणि फक्त त्याच गावात नाही, आजूबाजूच्या सगळ्या पॅरिशमध्ये. फॅमिलीसर्चवर १८५१ च्या पॅरिश हद्दींचा नकाशा आहे त्यावरून शेजारची गावं काढता येतात.

सापडला म्हणून नाचू नका

आता माझी ती ओळ. जॉनने १८५१ ला सांगितलेल्या गावात मला बाप्तिस्मा सापडला, मार्च १८०८, जॉन, जेम्स आणि एलिझाबेथचा मुलगा, आडनाव तेच. गाव बरोबर, वय बरोबर, नाव बरोबर. सासूबाईंना लगेच फोन केला. मग जेम्सचे वडील, त्यांचे वडील, असं करत १७२० पर्यंत गेले, एक मोठा चार्ट छापून त्यांच्या स्वयंपाकघरात लावला पण.

आठ महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी शोधताना त्याच गावच्या दफनांची पानं चाळत होते आणि नोव्हेंबर १८०८ ला एक ओळ दिसली, जॉन, जेम्स आणि एलिझाबेथचा मुलगा. आठ महिन्यांचं बाळ. मी त्या पानाकडे बघतच बसले. पानाच्या कडेला शाई ओघळलेली, वर एका म्हाताऱ्या विधवेचं नाव, खाली आणखी एक लहान मूल, आणि मध्ये ते. ज्याला मी सासूबाईंचा खापरपणजोबा करून टाकलं होतं तो चालायलाही शिकला नव्हता. त्या बाळाचंही वाईट वाटलं आणि सासूबाईंना काय तोंडाने सांगू असं झालं.

तेव्हा ही पायरी कधीच गाळायची नाही. बाप्तिस्मा सापडला की तो "उमेदवार" समजायचा. मग त्या गावाची आणि शेजारच्या गावांची दफनं बघायची, तो लहानपणी गेला का. मग त्याच नावाचे त्याच वयाचे आजूबाजूला जितके जण आहेत त्या सगळ्यांची यादी करायची आणि एकेकाचं पुढे काय झालं ते शोधायचं, हा गेला, ह्याचं लग्न भलतीकडे झालं, हा १८५१ ला दुसऱ्याच बायकोबरोबर दिसतोय. सगळे बाद होऊन एकच उरला तर तो आपला असण्याची शक्यता. एकाच आईबापांना लागोपाठ दोन जॉन दिसले तर पहिला गेला असंच समजून दफन शोधायचं, गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला द्यायची तिकडे सर्रास पद्धत होती.

आईवडिलांचं लग्न

लग्न बहुतेक वेळा नवरीच्या गावात व्हायचं, आपल्यासारखंच, त्यामुळे नवऱ्याच्या गावात नाही सापडलं की सासुरवाडीकडे वळायचं. २५ मार्च १७५४ पासून हार्डविकचा कायदा लागू झाला आणि लग्नाच्या नोंदी एकदम सुधारल्या, दोघांचे पॅरिश, दोघांच्या सह्या किंवा फुल्या, दोन साक्षीदार. साक्षीदारांची नावं उतरवून ठेवा, पुष्कळदा भाऊबहीण असतात आणि नंतर तीच नावं आईचं माहेर शोधायला कामी येतात. (जेन ऑस्टिनने मुलगी असताना वडिलांच्या चर्चमधल्या लग्नाच्या छापील वहीतल्या नमुन्याच्या पानावर स्वतःचं लग्न वेगवेगळ्या काल्पनिक नवऱ्यांशी लावून ठेवलंय, ते पान आजही आहे. वह्या वाचून वाचून डोळे दुखले की मला ते पान आठवतं आणि बरं वाटतं.)

लग्न दोन प्रकारांनी व्हायचं. एक म्हणजे तीन रविवारी चर्चमध्ये पुकारा करून, त्याला बॅन्स म्हणतात, त्याची नोंद सहसा वेगळी असते आणि नवऱ्याच्या गावातही पुकारा व्हायचा म्हणून त्याचं गाव कळतं. दुसरं म्हणजे बिशपकडून लायसन्स काढून. लायसन्सचे कागद मिळाले तर फार चांगलं, नवरा किंवा नवरी एकवीसच्या आतली असेल तर आईबापांची संमती लागायची आणि तिथे त्यांचं नाव येतं. पण कारकून तोही माणूसच. शेक्सपिअरच्या लग्नाच्या वेळी वूस्टरच्या बिशपच्या वहीत २७ नोव्हेंबर १५८२ ला नवरीचं नाव ॲन व्हेटली असं पडलंय आणि दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात ॲन हॅथवे. दोन बायका होत्या का यावर लोकांनी किती डोकी फोडली, पण कारकुनाची चूक असंच बहुतेक अभ्यासक धरतात. एका कागदावर कधी भिस्त ठेवू नका.

वहीत नाहीच सापडला तर

मूळ वहीत नाही, बिशपच्या नकलेत नाही, शेजारच्या गावांत नाही, तर दोन शक्यता आधी तपासा. एक, घर चर्च ऑफ इंग्लंड न मानणारं होतं, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट वगैरे. त्यांच्या बऱ्याच वह्या १८३७ नंतर सरकारकडे जमा झाल्या आणि आता नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. यात गोंधळ असा होतो की १७५४ ते १८३७ मध्ये क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न मात्र पॅरिश चर्चमध्येच करावं लागायचं, म्हणून लग्न सापडतं आणि मुलं सापडत नाहीत.

दुसरी शक्यता म्हणजे मूल लग्नाशिवाय झालेलं, आणि आमच्याकडे हेच होतं. बाळाच्या दफनानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जॉनचं १८४९ चं दुसरं लग्न शोधलं, दाखला मागवला. त्यावर नवरीच्या वडिलांचं नाव आणि धंदा व्यवस्थित, आणि जॉनच्या वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. रिकामी जागा असेल तर नेहमी बाप माहीत नाही असंच नसतं, पण संशय घ्यायला पुरेसं आहे. (उलटही असतं, लाज वाटते म्हणून माणसं वडिलांचं खोटं नाव सांगायची, तेव्हा नाव दिसलं तरी ते बाप्तिस्म्याशी ताडून बघायचं.) मग १८६१ च्या सेन्ससमधलं ते दुसरं गाव उघडलं, जे मी गडबड म्हणून सोडून दिलं होतं, दोन मैलांवरचं. जून १८०९, जॉन, मेरीचा मुलगा, आणि पुढे "बेस बॉर्न". अशा नोंदी वेगवेगळ्या शब्दांत असतात, बेस, नॅचरल, इललेजिटिमेट, लॅटिनमध्ये फिलिउस पोपुली म्हणजे लोकांचा मुलगा. वाचताना वाईट वाटतं, पण हे शब्द ओळखता आले पाहिजेत. आडनाव आईचं असतं, म्हणजे आम्ही जे आडनाव जॉनच्या बापाचं समजून हिंडत होतो ते मेरीचं होतं.

इथेही बापाचं नाव मिळू शकतं, फक्त ते बाप्तिस्म्याच्या वहीत नसतं. गरिबांना पोसायची जबाबदारी १८३४ पर्यंत त्या त्या पॅरिशची होती, त्यामुळे बिनलग्नाचं मूल झालं की त्याचा खर्च गावावर पडू नये म्हणून गावचे ओव्हरसियर, म्हणजे गरिबांचा खर्च बघणारे, आईची जबानी घ्यायचे, बापाचं नाव काढायचे आणि त्याच्याकडून पैसे द्यायचं हमीपत्र लिहून घ्यायचे. त्याला बास्टर्डी बाँड म्हणतात. हे कागद पॅरिशच्या पेटीतले म्हणून रेकॉर्ड ऑफिसमध्ये वेगळे ठेवलेले असतात, पुष्कळदा ऑनलाइन नसतात, सगळ्या गावांचे टिकलेलेही नाहीत. रेकॉर्ड ऑफिसच्या कॅटलॉगमध्ये गावाचं नाव टाकून ओव्हरसियरचे कागद शोधायचे, नसतील तर मॅजिस्ट्रेटच्या तिमाही कोर्टाचे, त्यांना क्वार्टर सेशन्स म्हणतात.

आमच्या गावचे होते. अर्धा छापील, अर्धा हाताने भरलेला एक कागद, घड्या पडून चार ठिकाणी झिजलेला, तारीख १८०९ ची, मेरीचं नाव आणि शेजारच्या गावच्या एका गिरणी कामगाराचं नाव. पवनचक्कीत दळण करणारा. त्याने सही केलेली नाही, फुली मारलीय, आणि फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने लिहिलंय की ही त्याची खूण. सासूबाई नॉरिचला माझ्याबरोबर आल्या होत्या, त्यांनी त्या फुलीवर बोट न टेकवता हवेतच फिरवलं, आणि मग म्हणाल्या की मेरी तेव्हा किती वर्षांची होती ते बघ.

मेरी एकोणीस वर्षांची होती. तिची नोंद त्याच वहीत मागे सापडली.

वंशावळीत मी बापाचं नाव लिहिलंय, पण त्याच्यापुढे "हमीपत्राप्रमाणे" असं लिहिलंय, कारण मेरीने ते नाव सांगितलं एवढंच तो कागद सिद्ध करतो. प्रत्येक नावाखाली कुठल्या वहीचं कुठलं पान, कुठल्या तारखेला बघितलं, आणि कुठली गावं बघून काहीच मिळालं नाही तेही टिपून ठेवलंय. ते नसतं तर तीच तीच रजिस्टरं मी तिसऱ्यांदा चाळत बसले असते. स्वयंपाकघरातला जुना चार्ट काढला. जेम्स, एलिझाबेथ आणि त्यांच्या आठ महिन्यांच्या जॉनचं पान मात्र टाकलं नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय, त्यांच्या घरचं कोणी शोधत आलं तर देता येईल.